तुळसाबाईंची मूठ

5 नोव्हेंबर 2025, बुधवार

कालच्या नोंदीत दुरुस्ती. मी लिहिलं आहे, 'तुळसाबाईंना शांतपणे पुन्हा समजावून सांगितलं.' शांतपणे नाही. मी ओरडले. दार उघडं होतं, बाहेरच्या बाकावरच्या दोघांनी मान वळवून आत पाहिलं. वहीतसुद्धा मी स्वतःला चांगलं ठरवणार असेन तर वही ठेवायची कशाला?

झालं ते असं. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा ते एक, आमच्या केंद्रात 'जुन्या गटा'ची पाळी असते. लकवा होऊन वर्ष उलटून गेलेले सहा जण. बाकी दिवस नवे पेशंट. लोहाऱ्याच्या या हॉलमध्ये भिंतीवर मोठा टीव्ही आहे, त्याच्याखाली कॅमेरा. समोर उभं राहून आपण हात हलवला की पडद्यावरचा हात हलतो. तुळसाबाईंचा खेळ 'फळं तोडा'. झाडाला सफरचंदं लटकलेली असतात. हात तिथे न्यायचा, मूठ मिटायची, फळ तुटतं. टोपलीवर आणून मूठ उघडायची, घंटी वाजते, एक गुण. मग दुसरं. दीड मिनिटात जितकी होतील तितकी.

तुळसाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या. लकवा होऊन अडीच वर्षं झाली, उजवी बाजू. मे महिन्यात आल्या तेव्हा उजवा हात छातीशी आवळलेला असायचा. आता तो डोक्याच्या वर जातो. पण गुण मे महिन्यात चार होते आणि काल चारच. त्या पहिलं फळ तोडतात आणि मूठ लवकर उघडतच नाहीत. तशीच मिटलेली मूठ दुसऱ्या फळाकडे नेतात, तिसऱ्याकडे नेतात. हातात एक फळ असताना दुसरं तुटत नाही, असा खेळाचा नियम. फळ नुसतं हलतं. वेळ निघून जातो.

"अहो, आधी हातातलं सोडा! टोपलीत सोडा!" हे मी सातव्यांदा म्हणाले, आणि ते ओरडून.

"सोडते ना मॅडम," त्या म्हणाल्या. "हातात जागा हाय ना अजून."

मी नोंद केली : 'हातातल्या वस्तूच्या आकाराचं भान कमी झालं असावं. तपासणे.' जाताना त्या पिशवी डाव्या खांद्याला अडकवत म्हणाल्या, "जेवल्या नाई वाटते तुमी आज." राग नव्हता. खरंच जेवले नव्हते.

7 नोव्हेंबर, शुक्रवार

पुंडलिकरावांना आज एकतीस गुण. गटात पहिले. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, आणि हॉलमध्येही त्यांची गाडी चालूच असते. उजवा हात कमरेतून गर्रकन फिरवतात, मनगटाला झटका देतात, गुण पडतो.

तुळसाबाईंना तीन.

"तुळसाबाई, तुमची गाडी स्टँडातच उभी हाय अजून. तीन पॅसिंजर घेऊन!"

"मी सारे बसवून घेते, मंग सोडते. तुमच्यावानी रिकामी गाडी पळवत नाई."

"एकतीस तिकिटं फाडले मी!"

"फाडा ना. कोनी बसलं का, ते पाह्यलं काय?"

सगळे हसले. माझे बाबाही असेच टोमणे मारतात, मराठीत आणि आमच्या गोरबोलीत. मला घरची आठवण आली. पुंडलिकरावांच्या शर्टाला सुनेनं बटणांच्या जागी चिकटपट्टी शिवून दिली आहे. ती चर्रकन उघडून ते स्वतःच वारा घेत बसले.

रजत सरांनी सहा महिन्यांचा अहवाल सोमवारपर्यंत मागितला आहे. सर केंद्राचे प्रमुख. विश्वस्त डिसेंबरात येणार.

10 नोव्हेंबर, सोमवार

अहवाल दिला. काल रात्रीपर्यंत बसून तक्ता केला आणि सगळे आकडे तीनदा ताडून पाहिले. पहिल्या महिन्यातले सर्वाधिक गुण, सहाव्यातले, फरक. तुळसाबाई : चार, चार, शून्य. शेवटचा रकाना गुणांचा नाही, आपण तपासून भरायचा आहे : 'बोटांची स्वतंत्र हालचाल'. तिथे मी लिहिलं, 'नाही. मूठ सुटत नाही.' खाली सही. संगीता रामसिंग राठोड, भौतिकोपचारतज्ज्ञ.

सर म्हणाले, "स्वच्छ काम आहे." दिवसभर बरं वाटलं.

11 नोव्हेंबर, मंगळवार

सरांनी दार लावून बसवलं. विश्वस्तांपुढे ते प्रस्ताव ठेवणार आहेत : जुना गट 31 डिसेंबरला बंद, मशीन पूर्णवेळ नव्या पेशंटसाठी. एकोणीस जण वाट पाहत आहेत. "पहिल्या तीन महिन्यांत हात वाचवता येतो, संगीता. वर्ष उलटल्यावर फार काही होत नाही. तुझ्याच तक्त्यात दिसतंय."

तुझ्याच.

सहा जणांना मी सांगायचं आहे.

14 नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं. 'अजून नक्की नाही, पण' असं तीन वेळा म्हटलं. तरीही त्या 'पण'च्या अलीकडे कोणी थांबलं नाही.

"म्हंजे मी नापास?" तुळसाबाईंनी विचारलं.

"नापास असं काही नसतं, मावशी. गटच..."

"नापासाले तं परत बसू देतात. मले घरी बसवून राह्यले." मग त्या टीव्हीकडे तोंड करून बोलल्या, माझ्याकडे नाही. "घरी दोन पोरं, दोन सुना. काडीले हात लावू देत नाई. बसा. आई, तुमी बसा. बसून बसून मी गनपती झाली. त्याले बी दहा दिवसानं उठवतात."

पुंडलिकराव म्हणाले, "माह्या एकतीसचं काय?"

तुळसाबाई गावाहून काळीपिवळीत बसून एकट्या येतात. फेब्रुवारीत त्या एकट्या संडासलाही जात नव्हत्या, असं सुनेनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. हे तक्त्यात कुठेच नाही. तक्त्याला तसा रकानाच नाही.

16 नोव्हेंबर, रविवार, तांडा

काल संध्याकाळी महागावला उतरून तांड्यावर आले. आज जे झालं ते क्रमानं लिहिते, कारण मला अजून नीट विचार करता येत नाही.

कापसाची वेचणी चालू आहे. सकाळी याडी, म्हणजे आई, शेतात निघाली, मी म्हटलं मीही येते. बाबा हसले. मी आयुष्यात कापूस वेचलेला नाही. पऱ्हाटीत, कापसाच्या झाडांत, वाढलेल्या पोरीनं हे लिहिणं लाजेचं आहे, पण खरं आहे. चौथीपासून आश्रमशाळेत, दिवाळीच्या सुट्टीत घरी आले की बाबा मला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसवायचे, हातात पुस्तक देऊन. "तुझ्या हाताला बोंडाची नखं लागू देणार नाही," म्हणायचे. घराण्यात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. सगळे वेचायचे आणि मी वाचायची. मान वर केली तर ओरडा बसायचा.

आज मान वर करून पाहिलं.

याडीनं कापूस टाकायला कमरेला कापडाची ओटी बांधली होती. उजव्या हातानं एका बोंडातला कापूस काढला. ओटीत टाकला नाही. तो तळहातात गेला, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटानं दाबून धरला, आणि अंगठा आणि पुढची दोन बोटं मोकळी पुढच्या बोंडाकडे गेली. पुन्हा तेच. पाच बोंडं झाल्यावर मूठ ओटीत रिकामी केली. लांबून पाहिलं तर मूठ मिटलेलीच दिसते.

मी विचारलं, "प्रत्येक वेळी ओटीत का टाकत नाहीस?"

याडी गोरबोलीत म्हणाली ते मराठीत असं : "हातात जागा असताना कोण टाकतं?"

मी धुऱ्यावर बसले. बाबा लांबून ओरडले, चक्कर आली का म्हणून. नाही म्हटलं.

अर्ध्या हाताने धरायचं आणि अर्ध्या हाताने तोडायचं. लकव्यानंतर हाताला सगळ्यात शेवटी जे येतं, आणि बहुतेकांना कधीच येत नाही, ते हेच. बोटांची स्वतंत्र हालचाल. मी लिहिलं, 'नाही'. मे महिन्यात हात तपासला होता तेव्हा खरंच नव्हती. नोव्हेंबरात मी हात तपासलाच नाही. पडद्याकडे पाहून लिहिलं.

तसं असेलच असं नाही. कदाचित मला हवं आहे म्हणून दिसतंय. मंगळवारी पाहीन.

18 नोव्हेंबर, मंगळवार

पाच पऱ्हाट्या मुळासकट उपटून, पोत्यात गुंडाळून काल एसटीनं आणल्या. आज हॉलमधल्या व्यायामाच्या शिडीच्या दांड्यांना सुतळीनं बांधल्या, खांद्याच्या उंचीवर. टीव्ही बंद ठेवला.

"हे काय वो, टीव्ही फुटला अन् कापूस बाहीर आला काय?" पुंडलिकराव.

तुळसाबाई पुढे आल्या. डाव्या हातानं पदराची ओटी केली, टोक कमरेला खोचलं. मी सांगायच्या आधी.

पहिल्या मुठीत तीन बोंडं, चौथ्याचा कापूस पडला. दुसऱ्या मुठीत चार. तिसऱ्या मुठीत चार. उजव्या हातानं. मी गुडघ्यावर बसून हातापासून वीतभर अंतरावरून पाहत होते. करंगळी थरथरत होती, पण सोडत नव्हती. अंगठा आणि तर्जनी वेगळी चालत होती. हळू. याडीच्या चौथाई वेगानं असेल. पण वेगळी.

"तुम्ही इतके दिवस हेच करत होतात का? टीव्हीसमोर?"

"मंग काय करत होती मी? तुमी म्हनल्या तोडा, तं तोडले."

"कधीपासून जमतंय?"

"आखाडापासून थोडं थोडं. आधी निसटे. मंग धराले लागली." त्या बोंडांकडे पाहून नाक मुरडत होत्या. "घरी वावरात जाऊ देत नाईत. इथंच वेचते मी. मंगळवार, शुक्रवार."

टीव्हीसमोर दीड मिनिटात चार मुठी. एका मुठीत चार धरले तर सोळा. मशीननं चार मोजले, कारण मूठ चारदाच उघडली.

मी आत जाऊन तोंड धुतलं. परत आले तर पुंडलिकराव एक बोंड तोडायचा प्रयत्न करत होते. हात कमरेतून फिरवला, झटका दिला. पऱ्हाटी हलली. कापूस जागेवर.

"ही पऱ्हाटी खराब हाय," ते म्हणाले.

19 नोव्हेंबर, बुधवार

मोबाइलमधले जुने व्हिडिओ शोधले. मे : सगळी बोटं एकत्र आवळलेली. जुलै : तसंच, पण अंगठा थोडा बाहेर. सप्टेंबर : तर्जनी वेगळी हलते. दहा-बारा वेळा पाहिलं. स्पष्ट आहे. सप्टेंबरचा हा व्हिडिओ काढताना मागे माझाच आवाज आहे : "सोडा, सोडा, सोडा."

मग पुंडलिकरावांचे पाहिले. त्यांची बोटं मे महिन्यात जशी अर्धवट वळलेली होती तशीच आहेत. मनगटाच्या झटक्यानं कॅमेऱ्याला बोटं उघडल्यासारखी दिसतात. एकतीसपैकी खरा एकही नाही. त्यांच्या नावापुढे मी लिहिलं आहे, 'उत्तम प्रगती'. अहवालाच्या मुखपृष्ठावर त्यांचा फोटो आहे.

एकीला न्याय द्यायचा तर दुसऱ्याचं काढून घ्यावं लागतं. फक्त तुळसाबाईंचं दुरुस्त केलं आणि त्यांचं तसंच ठेवलं तर ती दुरुस्ती नाही, लाड आहेत.

21 नोव्हेंबर, शुक्रवार

सरांना सगळं दाखवलं. व्हिडिओ पाहताना ते खरंच पुढे झुकले.

"हे छान आहे, संगीता. पण आकड्यांत कुठे बसतं?"

"बसत नाही, सर. तेच सांगतेय."

"सहा महिने सगळ्यांना एकच माप लावलं. आता एका बाईसाठी बदललं तर विश्वस्त विचारतील, आधी काय करत होता?"

"आधी मी चुकत होते."

"तू नाही. केंद्र चुकत होतं असं दिसेल."

"दोन्ही, सर."

ते हसले, पण थोडंच. "अहवाल गेला आहे. एकदा गेलेले आकडे आपण बदलत नाही. मला सांग, त्या एकोणीस जणांपैकी कोणाला मी नाही म्हणू? नाव सांग."

तो प्रश्न खरा आहे. सर वाईट नाहीत. लिहून ठेवते, कारण आत्ता मला त्यांचा राग आला आहे आणि रागात मी त्यांना वाईट करीन.

शेवटी ते म्हणाले, "तिला खेळ नीट खेळायला शिकव ना. एक-एक फळ. गुण वाढले की मीच पुरवणी जोडतो."

25 नोव्हेंबर, मंगळवार

शिकवायला गेले.

"मावशी, एक तोडायचं, लगेच टोपलीत टाकायचं. मशीनला तेवढंच कळतं. वीस-पंचवीस सहज होतील. गट वाचेल कदाचित."

त्यांनी एकदा केलं. एक फळ, टोपली. दुसरं, टोपली. पाच झाले. मग हात खाली घेतला.

"नाई."

"काय झालं? दुखतंय?"

"दुखत नाई. एक-एक बोंड ओटीत टाकाले लागली तं वावरवाला संध्याकाळी येऊच नको म्हनन. हे काम नाई, खेय हाय."

"खेळच आहे तो, मावशी."

"तुमाले असन." मग माझ्याकडे वळून, अगदी समजावल्यासारखं, "संगीता, माह्या हाताले जे येते ते मी तिच्यासाठी काहून विसरू? मशीनले शिकव ना तू. तू शिकली हायस."

मॅडम म्हणाल्या नाहीत, हे मला आता लिहिताना लक्षात आलं.

मी मशीनला शिकवू शकत नाही. मी कंपनीला पत्र लिहिलं आहे, उत्तर नाही. पण एक कळलं : पाच गुणांपर्यंत त्यांची करंगळी उघडी, सैल होती. त्यांनी नियम पाळला असता तर गुण वाढले असते आणि करंगळीचं काम बंद झालं असतं. मी गुणांसाठी हात बिघडवायला निघाले होते. तेही चांगल्या हेतूनं. त्या नाही म्हणाल्या म्हणून वाचलं.

28 नोव्हेंबर, शुक्रवार

पुंडलिकरावांना बाजूला घेऊन सांगितलं. दोन दिवस वाक्यं जुळवली होती, एकही वापरता आलं नाही. व्हिडिओ दाखवला.

त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग : "मले माहीत होतं."

"काय?"

"झटक्यानं घंटी वाजते म्हनून. जूनमधेच समजलं." त्यांनी शर्टाची पट्टी उघडली, लावली. "घरी गेल्यावर नातू विचारे, आबा, किती? एकतीस म्हनलं की टाळी देई. तीस वर्सं गाडीत लोकायले पुढं सरका पुढं सरका म्हनलं. मले कोनी म्हननारं नव्हतं."

"तुमचा आकडा मला कापावा लागेल, पुंडलिकभाऊ."

"काप. पन एक आयक. या तुळसाबाईले माह्यावर पहिला नंबर देशीन तं मी केंद्रासमोर उपोशनाले बसीन."

"नंबरच काढणार नाही मी."

"मंग लिही. म्हन, पुंडलिक बिनतिकीट सापडला." ते हसले, मग एकदम गंभीर झाले. "अन् माह्या बोटायचं काय? ते येतीन का?"

माहीत नाही, असं मी सांगितलं. येतील असं म्हणणं सोपं होतं. ते म्हणाले, "पुढच्या मंगळवारी पऱ्हाटी माह्याकडं वळवून बांध."

2 डिसेंबर, मंगळवार

पुंडलिकरावांनी वीस मिनिटांत एक बोंड काढलं. घामानं भिजले. तुळसाबाई म्हणाल्या, "बसला एकदाचा पॅसिंजर." पुंडलिकरावांनी ते बोंड खिशात घातलं.

सर दारात उभे राहून पाहत होते. मग गेले.

6 डिसेंबर, शनिवार

माझा करार 31 डिसेंबरला संपतो आणि पुढे वाढवायचा की नाही, ते सर लिहितात. बाबांनी तांड्यावर सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की पोरगी दवाखान्यात साहेब आहे. मी गप्प राहिले तर विश्वस्तांना काही कळणार नाही. अहवाल खोटा आहे हे मला, सरांना आणि दोन पेशंटना माहीत; सर सांगणार नाहीत, आणि त्या दोघांना कोणी विचारणार नाही.

याडीला फोन केला. सगळं सांगितलं नाही, एवढंच विचारलं की एखाद्या कागदावर चुकीचं लिहून सही केली असेल तर काय करावं. मला वाटलं ती म्हणेल, नोकरी सांभाळ. ती म्हणाली, "मी आयुष्यभर अंगठा दिला. काय लिहिलं होतं ते कधी कळलं नाही. तुला कळतं ना?" मग विचारलं, जेवलीस का.

ती मला काय सांगत होती, कोण जाणे. बहुतेक तिला माझं बोलणं नीट कळलं नसावं.

9 डिसेंबर, मंगळवार

हॉलच्या वापराचं रजिस्टर काढून बसले. सरांच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते महिनाभर माझ्या नाकासमोर लटकत होतं. नवे पेशंट सकाळी येतात, नऊ ते एक, कारण दुपारी गावाकडे परतायची गाडी धरायची असते. दुपारी दोन ते पाच मशीनवर कापड घातलेलं असतं. रोज. सहा दिवस. जुना गट दुपारी आला तर मंगळवार-शुक्रवारची सकाळही नव्यांना मोकळी होते. कोणालाच नाही म्हणावं लागत नाही. दुपारी मी थांबेन.

तुळसाबाईंना विचारलं, दुपारी जमेल का. "सकाळी बी बसूनच राहते. दुपारी कोनती वरात हाय माही?"

सरांना चिठ्ठी लिहून दिली. ते म्हणाले, "बघू. विश्वस्तांचं होऊन जाऊ दे."

विश्वस्तांचं होऊन गेल्यावर बघण्यासारखं काही उरत नाही.

12 डिसेंबर, शुक्रवार

विश्वस्तांची बैठक मंगळवारी, 16 तारखेला. साडेअकराला ते हॉल पाहायला येणार, बाराला बैठक.

संध्याकाळी सरांचा निरोप मोबाइलवर : 'मागच्या महिन्यात शिबिरासाठी रविवारी काम केलंस. त्याची बदली सुट्टी 16 ला घे. घरी जाऊन ये. जुन्या गटालाही त्या दिवशी सुट्टी कळवून टाक.'

मी तीन वेळा वाचलं. सर प्रेमानं म्हणाले असतील. मला अवघड होऊ नये म्हणून. चार वेळा वाचल्यावर तसं वाटलं नाही.

आजवर मला कोणी 'इथे बस' म्हटलं की मी बसले आहे. धुऱ्यावर, वसतिगृहात, शेवटच्या बाकावर.

13 डिसेंबर, शनिवार

सकाळी उत्तर पाठवलं : 'सर, बदली सुट्टी बुधवारी घेते. 16 ला मंगळवार आहे. जुन्या गटाची पाळी 31 तारखेपर्यंत आहे, ती रद्द केल्याचा आदेश मला मिळालेला नाही. गट येईल. मीही येईन. अहवालातल्या माझ्या चुकांची लेखी दुरुस्ती त्या दिवशी तुम्हाला आणि विश्वस्तांना देईन. तुम्हाला आज आधी पाठवते आहे, म्हणजे मागून काही केलं असं होणार नाही.'

सोबत दोन पानं जोडली. पहिल्यावर चुका. प्रत्येकीपुढे 'मी' लिहिलं आहे, 'केंद्र' नाही, आणि 'अनवधानाने' हा शब्द लिहून खोडला. अनवधान नव्हतं, मी हात पाहायचा कंटाळा केला. दुसऱ्या पानावर दुपारचं वेळापत्रक आणि एकोणीस जणांची नावं, सकाळच्या मोकळ्या जागांवर बसवलेली. सर्व एकोणीस बसतात.

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

सहाही जणांना फोन केले. सगळं स्पष्ट सांगितलं, माझ्या नोकरीचं सोडून. पाच जण येतो म्हणाले. पुंडलिकरावांनी विचारलं, फोटो काढणार असतील तर कोणता शर्ट घालू? तुळसाबाई सगळ्यांत शेवटी. सुनेनं फोन दिला.

"त्या साहेब लोकायसमोर हात दाखवा लागन काय?"

"तुम्हाला नको असेल तर नाही, मावशी. मी कागद वाचीन."

"नको काहून? पन माही परीक्षा घेऊ नका म्हन त्याइले. मी काम करीन, त्याइनं पाहावं. पाह्यचं नसन तं उठून जावं."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तं काय? बुधवारी बी हात माहाच राह्यते." मागे सून काहीतरी बोलली, त्यावर त्या तिकडे तोंड करून ओरडल्या, "बसते, बसते, बोलू दे!" आणि मला, "तू भेऊ नको. अन् भेली तं भेली. ये मात्र."

भीती वाटते आहे. हे आत्ताच लिहून ठेवते, कारण नंतर मी न घाबरता गेले होते असं लिहायचा मोह होईल.

दुरुस्तीच्या दहा प्रती काढल्या आहेत. विश्वस्त सात, सर एक, एक तुळसाबाईंना, त्यांना वाचता येत नसलं तरी. एक माझी.

मंगळवार, 16 डिसेंबर 2025. सकाळी अकरा वाजता मी कामावर असेन.